संगीतमित्र गायसमुद्रे

जीवन गायसमुद्रे सरांना गाणं येत नव्हतं. 'थोडंफार गुणगुणतो, पण आपण काय गवई नव्हे' अशा विनयानं येत नव्हतं, असं नाही. मुळातच येत नव्हतं. परिपाठाला प्रार्थना सुरू झाली की सर ताठ उभे राहायचे, छाती पुढं काढायचे आणि नुसते ओठ हलवायचे. आवाज सोडायचे नाहीत. नोकरीला लागले त्या साली एकदा सोडला होता. तेव्हा पहिलीची अख्खी रांग त्यांच्या मागं भलत्याच वाटेला लागली आणि प्रार्थनेच्या शेवटाला अर्धी शाळा आधी पोचली, उरलेली अर्धी तिला शोधत नंतर आली. तेव्हापासून सरांनी गळ्याला कुलूप घातलं होतं.

सरांचा जीव गणितात. युसूफ वडगावात घर, तिथून मोटारसायकलवर हिंगणवाडीच्या प्राथमिक शाळेत रोजचं जाणं-येणं, आणि तिथल्या चौथीला गणित. अपूर्णांक म्हटले की त्यांचा चेहरा असा खुलायचा आणि ते भाकरीचे असे नेमके तुकडे करून दाखवायचे, की पोरांना शिकता शिकता भूक लागायची. माणूस तसा शांत. पण राग आला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि भाषा एकदम शुद्ध व्हायची. घरात ते 'आपण कृपया' असं म्हणाले, की त्यांची बायको वनिता गॅस बारीक करून बाहेर येऊन बसायची. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. कुठल्या दुखण्याला आधी धावायचं हे तिला कळायचं.

तर दिवाळीची सुट्टी संपली न संपली तोच वरून फर्मान आलं. आनंददायी शिक्षणासाठी प्रत्येक प्राथमिक वर्गात रोज एक तास गाण्याचा. प्रत्येक शाळेनं आपल्यातला एक शिक्षक 'संगीतमित्र' म्हणून नेमावा, त्यानं प्रशिक्षण घ्यावं, आणि मुलं आनंदानं गात असल्याचे व्हिडिओ वर पाठवावेत. वाद्यं 'स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घ्यावीत' असंही होतं. सरकारी भाषेत याचा अर्थ, तुमचं तुम्ही बघा.

मुख्याध्यापक आप्पारावांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि समोर बसलेल्या जीवन सरांकडं बघून सोयरीक जमल्यासारखं हसले.

"सर, हे तुमचं काम."

"माझं? मला गाता येत नाही."

"असं कसं? तुमच्या रक्तातच हाय की गाणं!"

आप्पाराव वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. हा माणूस चहा पाजून, पाठीवर हात ठेवून बोलायचा. पण त्यांच्या 'तुमच्या' या शब्दात एकटे जीवन सर नव्हते. त्यात सरांचं घर होतं, आळी होती, आळीच्या तोंडावरचा निळा झेंडा होता, जयंतीची मिरवणूक होती. बौद्धांच्या घरात पोर जन्माला येतं ते ढोलकी काखेत मारूनच, असा आप्पारावांचा समज होता आणि तो त्यांना कौतुकाचा वाटत होता.

"मी गणित घेऊन बी. एस्सी. झालोय," सर म्हणाले. कानाच्या पाळ्या तापायला लागल्या होत्या.

"ते हायच. पण कचरू गायसमुद्र्याचं पोर तुमी. काय गळा होता म्हाताऱ्याचा! जयंतीला त्यांचं गाणं ऐकायला आमी पोरं घरच्यांची नजर चुकवून यायचो."

"नजर चुकवून कशाला?"

आप्पारावांनी या प्रश्नाकडं लक्ष दिलं नाही.

"माझे वडील सायकलचं पंक्चरही उत्तम काढायचे," सर म्हणाले. "तेही मला येत नाही."

"बघा, हाच कलावंताचा विनय!" असं म्हणून आप्पारावांनी सही ठोकली. तास कुठून काढायचा हा प्रश्न होता, तोही त्यांनी तिथंच सोडवला. "गणितातून काढा. गणित तुमचं, संगीत तुमचं. घरातल्या घरात."

सरांनी रात्री जेवताना हे सांगितलं तेव्हा वनिता म्हणाली, "लेखी द्या न्हाई म्हणून."

सरांनी लेखी दिलं. 'मला सुराचे अजिबात ज्ञान नसल्याने सदर जबाबदारीतून मुक्त करावे.' आप्पारावांनी त्या अर्जावर 'सदर शिक्षक अत्यंत नम्र आहेत' असा शेरा मारला आणि तो वर पाठवून दिला.

प्रशिक्षण तालुक्याला होतं. दारातल्या फलकावर सरांचं नाव 'श्री. जीवन गायनसमुद्रे' असं छापलं होतं. टाइप करणाऱ्याला वाटलं असावं की एक अक्षर राहिलंय. सरांनी खिशातला पेन काढून तो जादाचा 'न' खोडला. तेवढ्यात त्यांच्या केंद्राचे केंद्रप्रमुख, सुग्रीव साहेब, मागून आले आणि त्यांनी सरांच्या खांद्यावर हात टाकला. आठ-दहा शाळांवर देखरेख ठेवणारा हा माणूस सदैव घाईत असायचा आणि ऐकणं सोडून बाकी सगळं करायचा.

"गायनसमुद्रे! नावातच सगळं आलं राव! पहिलं गाणं तुमचं."

"साहेब, गायसमुद्रे. आणि मला—"

पण तोवर माईक हातात आला होता. पुढं शे-दीडशे शिक्षक. बरं, सरांनी अगदीच काही तयारी केली नव्हती असं नाही; पाढ्यांसाठी म्हणून चार ओळी स्वतः जुळवल्या होत्या.

*एका बैलाला शिंगं दोन, दोन बैलांना चार,*
*तिसरा आला चौथ्यासंगं, आठ शिंगांचा भार!*

शब्द चांगले होते. गणितही चोख होतं. पण सरांनी पहिला बैल जो दावणीतून सोडला तो थेट पत्र्यावर चढला. दुसरा विहिरीत उतरला. आणि तिसरा-चौथा आले ते एकमेकांकडं पाठ करून. सरांना वाटलं, सुटलो. आता तरी यांना पटेल.

 सभागृहात हशा उसळला. मग टाळ्या. शिट्ट्यासुद्धा.

"काय नक्कल केली राव बेसुऱ्या माणसाची!" सुग्रीव साहेब डोळे पुसत उठले. "असं बेसूर गायला सूर लई पक्का असावा लागतो. येऱ्यागबाळ्याचं काम न्हाई हे!" आणि तिथल्या तिथं त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात तालुक्याचे मोठे साहेब आदर्श संगीत पाठ बघायला येणार आहेत, तो पाठ हिंगणवाडीला, गायनसमुद्रे सरांच्या वर्गात.

त्या दिवशी सर मोटारसायकलवरून घरी येताना रस्ताभर एकटेच बोलत आले. खरं बोललं तर विनय. लिहून दिलं तर नम्रपणा. प्रत्यक्ष गाऊन दाखवलं तर कला! माणसानं आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे सिद्ध करायचं तरी कसं? भूमितीत याला काहीतरी रीत असते. इथं नव्हती.

शेजारी ही बातमी कळायला वेळ लागला नाही. एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर आसाराम भिंतीपलीकडं राहायचे, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडं सल्ल्यांखेरीज द्यायला काही उरलं नव्हतं.

"गळा हा बसस्टँडसारखा असतो सर," ते म्हणाले. "सकाळी मोकळा करावा लागतो. ज्येष्ठमध चघळा. तूप-मिरी घ्या. आणि गळ्याइतक्या पाण्यात उभं ऱ्हाऊन सा लावा. मोठमोठे गवई असंच करतात."

सरांना हे पटलं नाही. पण आदर्श पाठ जवळ येत होता, आणि बुडता माणूस कंडक्टरचंही ऐकतो. गळ्याइतकं पाणी गच्चीवरच्या टाकीत होतं. सर पहाटे टाकीत उतरले. थंडीचे दिवस. त्यांनी डोळे मिटले आणि सा लावला.

पहिल्यांदा गल्लीतली कुत्री गप्प झाली. मग आसारामच काठी घेऊन जिना चढत आले. "काय झालं? विंचू चावला का? कुठं चावला?"

"आपण सांगितलेला सा लावतोय," टाकीतून आवाज आला.

आसारामनी काठी खाली ठेवली. टाकीच्या काठावर हात टेकून ते आत डोकावले. "सर," ते मऊ आवाजात म्हणाले, "तुमी आपलं गणितच बघा."

गाणं येत नाही हे मान्य करणारा सबंध जिल्ह्यातला हा पहिला माणूस. सरांना तिथंच, टाकीत उभ्या उभ्या, त्याला मिठी मारावीशी वाटली. पण आसारामचं मत शासनदरबारी चालण्यासारखं नव्हतं. शिवाय वनितानं ते प्यायचं पाणी सगळं ओतून दिलं. रात्री म्हणाली, "गाणं शिकू नका. भांडायला शिका."

भांडायची वेळ लवकरच आली.

विठ्ठलराव शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची आणि उरलेल्या निम्मीवर त्यांचं मत. त्यांची नात संस्कृती चौथीत, जीवन सरांच्याच वर्गात. आदर्श पाठाची खबर लागताच त्यांनी भजनी मंडळाची पेटी ट्रॅक्टरमध्ये घालून शाळेत आणली. पेटी चांगली होती, फक्त मधल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर यायचं विसरायच्या.

"आमची संस्कृती पुढं बसून गाईल," विठ्ठलराव म्हणाले. "तुमी पेटी धरायची. अन् आणखीन एक. आमचा रविराज बाजार समितीवर निवडून आलाय. येत्या रविवारी दारात सत्कार ठिवलाय. मिरवणूक दारात आली की तुमी तुमच्या दोन-चार लोकांना घिऊन जरा वाजवायचं-गायचं. शोभा यील."

सरांनी पेटीवरचा हात काढून घेतला.

"मी शिक्षक आहे."

"हायच की! म्हणून तर मानानं सांगायलोय. तुमचा आजा वडगावाहून येऊन आमच्या दारात वाजवायचा. लगीन असू दे, बारसं असू दे, सणवार असू दे. डफ वाजल्याबिगर आमच्या घरचं कार्य पुरं होत नसायचं. लई मान होता त्येला."

जीवन सरांनी आजोबांना पाहिलं नव्हतं, पण त्या मानाबद्दल घरात ऐकलं होतं. तो मान दाराबाहेर उभ्यानं मिळायचा आणि वरून ओंजळीत टाकला जायचा. छप्पन साली धम्म घेतला आणि आजोबांनी डफ खाली ठेवला तो ठेवलाच. वर्षभर कुणी कामाला बोलावलं नाही, तरी उचलला नाही. पुढं वडील गायले. पण ते आपल्या आळीत, आपल्या मंचावर, आपल्या मनानं. बोलावणं आलं म्हणून कुणाच्या उंबऱ्यापुढं नाही.

हे सगळं सरांना बोलायचं होतं. पण राग इतका दाटून आला की भाषा नको तितकी शुद्ध झाली.

"माननीय विठ्ठलराव, मी आपल्या दारी अवश्य येईन. संस्कृतीची शैक्षणिक प्रगती सांगायला. आणि खुर्चीवर बसून सांगेन. त्याखेरीज अन्य कोणत्याही कारणास्तव आपण कृपया मला बोलावू नये."

आप्पाराव मध्ये पडले. "सर, ते प्रेमानं म्हणायलेत..."

"ते प्रेम आपण घ्यावं, मुख्याध्यापक महोदय. आपण वाजवावं."

"मला कुठं येतंय!" आप्पाराव दचकून म्हणाले.

"'येत नाही' असं आपण म्हणालात आणि लगेच ऐकलं गेलं. बघा."

विठ्ठलरावांनी उपरणं झटकलं. "आसं हाय तर. मंग बघू, साहेबापुढं तरी कसं गात न्हाईत ते. मी सोता येऊन बसतो."

आता वर्गाचं काय चाललं होतं तेही सांगायला हवं. गाण्याच्या तासाला सर पोरांना ते बैलाचं गाणं नुसतं म्हणायला लावायचे, आणि आतून गणितच शिकवायचे. पेटीला हात लावायचे नाहीत. संस्कृतीला पुढं बसवलं होतं, पण ती पोरगी गाताना मान खाली घालायची आणि तिचा आवाज फ्रॉकच्या कॉलरमध्येच राहायचा. हात मात्र स्वस्थ नसायचे. बाकावर, पाटीवर, पाण्याच्या बाटलीवर बोटं चालूच.

एकदा सर तिला दटावायला म्हणून वळले आणि तसेच उभे राहिले. बाकीची पोरं एक टाळी देत होती तेवढ्यात ही बाकावर दोन मारत होती. मग तीन. मग चार. मग एका टाळीत तीन आणि दुसरीत चार, आणि तरी पुढच्या टाळीला सगळ्यांच्या बरोबर, बिनचूक. सुरातलं सरांना ओ की ठो कळत नव्हतं, पण हे? हे तर अपूर्णांक होते! पूर्णाचे समान भाग, कुठं शिल्लक नाही, कुठं कमी नाही. सरांनी आयुष्यभर भाकरीचे तुकडे करून जे दाखवलं, ते ही पोरगी नुसत्या बोटांनी दाखवत होती.

"हे कुठं शिकलीस?"

"कुठंच न्हाई. मारू नका सर."

"मारत नाही. आणखी वाजव."

ती पहिल्यांदाच मान वर करून हसली. "सर, मला गायचं न्हाई. मला ह्येच करायचंय." सरांनी खिचडीच्या तेलाचा रिकामा डबा धुऊन तिच्या बाकाखाली ठेवला. घरी सांगू नकोस, असं काही म्हटलं नाही. सांगणार नाही हे तिलाही माहीत होतं.

आदर्श पाठाचा दिवस उजाडला. वर्गाच्या एका भिंतीला खुर्च्या. त्यांवर तालुक्याचे मोठे साहेब, सुग्रीव साहेब आणि फेटा बांधलेले विठ्ठलराव. सुग्रीव साहेबांचा मोबाईल चित्रीकरणाला सज्ज. आप्पारावांनी प्रास्ताविक केलं ते नको तितकं लांबवलं, आणि शेवटी म्हणाले, "तर ज्यांच्या रक्तातच गाणं आहे असे आमचे संगीतमित्र..."

"एक दुरुस्ती करू का?" सर उभे राहिले. "माझं रक्त बी पॉझिटिव्ह आहे. माझी पत्नी नर्स आहे, तिनं तपासून घेतलंय. अहवालात गाण्याचा कुठंही उल्लेख नाही."

खुर्च्या हसल्या. साहेबही हसले. "छान. विनोदी स्वभाव आहे. चला, होऊ द्या."

सर हसले नाहीत. त्यांनी पेटीचा भाता मागं ढकलला आणि बोट ठेवलं ते नेमकं त्या विसरभोळ्या पट्टीवर. ती बसली ती वर आलीच नाही. तिच्या त्या लांबलचक रडण्यावर सरांनी गळा सोडला. इतकी वर्षं प्रार्थनेला नुसते ओठ हलवून साठवलेला सगळा आवाज, आप्पारावांचं कौतुक, तो जादाचा 'न', विठ्ठलरावांचा मान, टाकीतलं गार पाणी, हे सगळं एकदम बाहेर आलं. नक्कल नव्हती ती. एवढं मनापासून कुणी नक्कल करत नाही.

सुग्रीव साहेबांचं हसू आधी तोंडावर थिजलं, मग उतरलं. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला, जणू दोष तिकडं असावा. आप्पाराव खिडकीबाहेर बघायला लागले. पोरं सरांच्या मागं निघाली खरी, पण कुठं जायचं कुणालाच कळेना. कुणी पहिल्या बैलावर, कुणी चौथ्यावर.

आणि मग डबा वाजला.

संस्कृतीला ते सहन झालं नसावं. तिनं बाकाखालून डबा ओढला, मांडीवर घेतला आणि एक ठेका असा दिला की सगळी पोरं जागच्या जागी थांबली. दुसऱ्या ठेक्याला ती तिच्या मागं आली. बैल दावणीला लागले. शिंगं जागेवर बसली. तेच गाणं, तीच पोरं, पण आता भिंतीवरचे तक्ते हलायला लागले. मोठ्या साहेबांचा बूट फरशीवर आपोआप पडायला लागला. सर गायचे थांबले आणि नुसते बोटांवर मोजत उभे राहिले. तीन, चार, तीन, चार, सम.

"वा! ही मुलगी कोण?" गाणं संपल्यावर साहेबांनी विचारलं.

"माझी नात हाय," विठ्ठलराव उठले होते. फेटा थरथरत होता. "संस्कृती! ठिव ते खाली! आमच्या घरात डफडं कुणी वाजीवलं न्हाई आजवर!" मग ते सरांकडं वळले. "ह्ये तुमी शिकीवलं. मुद्दाम! माझ्या नातीला तुमी—"

"मी?" सरांचे कान टोमॅटोसारखे लाल होते. "विठ्ठलराव, मला काय येतं ते आत्ताच सगळ्यांनी ऐकलं. मी कुणाला काय शिकवणार?"

हे इतकं खरं होतं की विठ्ठलराव नातीकडं वळले.

"मंग कुणी शिकीवलं गं तुला?"

"कुणीच न्हाई, आबा. आपोआप येतं."

"मग रक्तातच असणार," जीवन सर म्हणाले.

 साहेबांना खोकला आला. तो त्यांनी रुमालात बराच वेळ चालवला, आणि खोकून झाल्यावर संस्कृतीचं नाव जिल्ह्याच्या कार्यक्रमासाठी नक्की केलं.

विठ्ठलरावांनी त्याच दुपारी पेटी परत नेली. संस्कृती दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायची बंद झाली. सर दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. खुर्ची तर राहो, कुणी या म्हटलं नाही. त्यांचा रोजचा राग आता झोपेत पण शुद्ध बोलायला लागला. शेवटी आठवड्याच्या बाजारादिवशी विठ्ठलरावांच्या मालकीण, छबुबाई, स्वतः नातीचा हात धरून शाळेत आल्या. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, "गुरुजी, ही घरात माझी सगळी पातेली ठोकायली. एकाचं बूड गेलं. हिला हितंच वाजवू द्या. आन् जिल्ह्याला घिऊन जा. ह्यांचं मी बघते." छबुबाईंनी काय बघितलं ते कळलं नाही, पण विठ्ठलराव त्यानंतर समितीच्या बैठकीला दोनदा आले नाहीत.

त्यांनी तक्रार मात्र केली होती. 'शासकीय कार्यक्रमात हेतुपुरस्सर बेसूर गाऊन मान्यवरांचा अवमान केल्याबाबत' सरांकडून खुलासा मागवला गेला. सर तालुक्याला गेले. मोठे साहेब म्हणाले, "सर, मला तुमची बाजू कळते. पण हेतू नव्हता हे कागदावर यायला हवं. एकदा मनापासून, जमेल तितकं चांगलं गाऊन दाखवा."

सरांनी दाखवलं. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी घाईघाईनं कॉम्प्युटर बंद केला. त्यांना वाटलं, तोच आवाज करतोय. साहेबांनी पेन उचलला आणि लिहिलं, 'सदर शिक्षक प्रामाणिकपणे बेसूर आहेत. हेतू आढळून आला नाही. संगीतमित्र या जबाबदारीतून त्यांना मुक्त करण्यात यावे.'

तो कागद घेऊन सर शाळेत आले तेव्हा कित्येक दिवसांनी त्यांच्या कानांचा रंग जागेवर होता. आप्पारावांनी कागद वाचला, सुस्कारा सोडला. शेजारच्या खुर्चीवर चैताली ओव्हाळ बसल्या होत्या. पाली गावच्या, नव्यानंच नेमणूक झालेल्या. शाळेत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. हजेरीच्या वहीवर रेघा आखत होत्या.

"जाऊ द्या," आप्पाराव म्हणाले. "आपल्याकडं ह्या मॅडम हायतच की. ओव्हाळ म्हंजे... तुमच्यातल्याच न्हवं? मंग येत असंलच."

चैताली मॅडमनी पट्टी खाली ठेवली. "सर, मला चित्रं काढता येतात. गाणं नाही येत."

"बघा, कसा विनय!" आप्पाराव कौतुकानं म्हणाले आणि सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

 मॅडमनी जीवन सरांकडं बघितलं. चेहऱ्यावर राग होता. पण अजून नवा, कुठं ठेवावा ते न कळलेला.

सरांनी टेबलावरचा सुटकेचा कागद उचलला, त्याची नीट घडी केली आणि खिशात घातली.

"मुख्याध्यापक महोदय, संगीताचा तास कृपया माझ्याच नावावर राहू द्यावा."

"अवो, पण तुमाला कुठं येतंय गाणं? तुमी बेसुरे हायत! सगळ्या तालुक्याला म्हाईत हाय!"

"हे आपण आज पहिल्यांदा म्हणालात. आभारी आहे. मॅडम चित्रकला घेतील. त्यांना ती येते म्हणून." सर दारात थांबले. "आणि पुन्हा या शाळेत कुणाच्या रक्ताचा विषय निघाला, तर मी रोज परिपाठाला गाईन. माईकवर."

ते तडक चौथीच्या वर्गात गेले. संस्कृतीनं त्यांचे कान बघितले आणि काही न विचारता डबा मांडीवर घेतला. सरांनी खडू ठेवला, हात झटकले, आणि बैलांना सुरुवात केली. पोरं आता शहाणी झाली होती. ती सरांच्या तोंडाकडं न बघता डब्याकडं बघून गात होती, आणि गाणं बिनघोर पुढं चाललं होतं. सर आपले त्याच्या बाजूबाजूनं, कधी वरून, कधी खालून, पूर्ण ताकदीनं.

अंगणापलीकडं आप्पारावांनी उठून ऑफिसची खिडकी लावून घेतली. जीवन सरांनी ते पाहिलं आणि पुढचं कडवं आणखी वरच्या पट्टीत घेतलं.